मदत हवी आहे: दुबई ते सलाला बाईकवरून, वाळवंटाचा पट्टा दिवसा की रात्री?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीच्या एकाच कॉलेजातले पाच जण. चौघं दुबई-शारजात नोकरीला, पाचवा पुण्यात. जुलैच्या शेवटी बाईकवरून सलालाला खरीफ बघायला जायचं घाटतंय. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: अख्खं आखात भाजून निघत असताना ओमानच्या दक्षिणेला धोफारच्या डोंगरांवर अरबी समुद्रावरचे मोसमी वारे धडकतात. साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर तिकडे धुकं, भुरभुर पाऊस आणि डोळे निवतील अशी हिरवळ. पारा पंचविशीच्या आसपास. कित्येक वर्षं पावसाळा न भेटलेल्या माणसाला एवढं पुरे.

रस्ता असा धरलाय: दुबई, अल ऐन, मझयदची सीमा, इब्री, निझवा, आदम, हैमा, थुमरैत, सलाला. बाराशे किलोमीटरच्या वर जातं. गाड्या: दोन हिमालयन ४११, एक केटीएम ३९०, एक व्ही-स्ट्रॉम ६५०. इथला बाईकचा परवाना चौघांकडे आहे.

भांडण आहे ते आदमच्या पुढच्या पट्ट्यावरून. दुपारी तिथे पंचेचाळीसच्या घरात तापमान. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, "निझव्याहून संध्याकाळी निघू, रात्रभर गार हवेत चालवू, सकाळी सलालात चहा पिऊ. सिंहगडावर रात्री जायचो तेव्हा काय झालं होतं?" दुसरा म्हणतो, उंटांमुळे रात्री अजिबात नको, दिवसाच जाऊ, जॅकेट न घालता टी-शर्टवर चालवू म्हणजे उकडणार नाही. मला दोन्ही पटत नाहीयेत, पण ठामपणे सांगता येईल असं काही हाताशी नाही.

शिवाय पुणेकर मित्र व्हिजिट व्हिसावर दुबईत येऊन भाड्याची बाईक घेऊन सोबत यायचं म्हणतोय. जमेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

– मिरजमार्गे

वाळूतला_सातारकर:

मिरजमार्गे, तुमच्या रात्रीवाल्या मित्राला आधी आवरा. उंट म्हणजे गाय-म्हैस नव्हे. तो लांब पायांवर उभा असतो, धड आपल्या हेल्मेटच्या उंचीला. बाईकच्या दिव्यात दिसतात ते पाय, तेही वाळूच्याच रंगाचे, आणि दिसतात तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. एक उंट रस्ता ओलांडून गेला म्हणून लगेच गाडी दामटायची नाही, मागचे येतातच. ट्रेलर तर रात्रभर चालू असतात. जिथे मधे दुभाजक नाही तिथे समोरून ओव्हरटेक करत येणारा ट्रक सरळ तुमच्या अंगावर येतो. सिंहगडाच्या पायथ्याला यातलं काही नव्हतं.

डॉ_कडुनिंब:

आता टी-शर्टवाल्याकडे वळू. वारा लागला की गार वाटतं हे हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंतच खरं. त्वचेचं तापमान साधारण पस्तीस. हवा पंचेचाळीस असेल तर शंभरच्या वेगाने अंगावर येणारा वारा तुम्हाला तापवतो, भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं. घाम येतो तसा उडून जातो, त्यामुळे घाम येतोय हेच कळत नाही आणि तासाभरात शरीर कोरडं पडतं. म्हणून उलट करायचं: आतला सुती टी-शर्ट पंपावर नळाखाली पूर्ण भिजवायचा, वर जॅकेट घालायचं, त्याच्या हवेच्या झिपा जवळजवळ बंद ठेवायच्या. पाणी हळूहळू उडतं आणि अंग बराच वेळ गार राहतं. पूर्ण जाळीचं जॅकेट पस्तीसपर्यंत छान, पुढे ते तोट्याचं.

पाणी पाठीवरच्या नळीवाल्या पिशवीत ठेवा, तहान लागायची वाट न बघता घोट घोट घ्या. तासाला अर्धा ते एक लिटर जातं. नुसतं पाणी नको, ओआरएस मिसळा. सोबत्याचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, पंपावर गाडी स्टँडला लावताना तोल जायला लागला, तर "थोडं पुढे जाऊन थांबू" म्हणू नका. तिथेच सावली, ओले कपडे, आणि ओमानचा आपत्कालीन नंबर ९९९९.

वाळूतला_सातारकर:

डॉक्टरांनी सांगितलं ते पंचेचाळीसमध्ये सापडलात तर. मुळात सापडायचंच कशाला? दिवस की रात्र हा प्रश्नच सोडा. उजाडल्यापासून दहापर्यंत, एवढंच चालवायचं. जुलैत पाच-सव्वापाचला दिसायला लागतं. म्हणजे सलाला तीन सकाळींचं काम आहे. पहिल्या दिवशी पहाटे दुबई सोडून निझवा. अल ऐनपर्यंतचा रस्ता दिव्यांचा आहे, तेवढा अंधार चालेल. दुसऱ्या दिवशी निझवा ते हैमा, तिसऱ्या दिवशी हैमा ते सलाला. दुपारी खोलीत एसी लावून झोपायचं. हैमात बघण्यासारखं काही नाही, पण दोन-चार साधी मोटेलं आहेत. खरीफमध्ये ती भरतात, आधी फोन करून ठेवा.

पेट्रोल दिसेल तिथे भरायचं, टाकी अर्धी असली तरी. घाबा, हैमा, गफ्तैन, कतबित, थुमरैत अशी ठिकाणं आहेत, पण एखाद्या पंपावर वीज नाही किंवा टँकर आला नाही तर पुढचा जवळ नसतो. रियाल रोख ठेवा. हिमालयनला ट्यूबचे टायर आहेत, तेव्हा दोन्ही चाकांची जादा ट्यूब आणि टायर काढायची पाती घ्या, नुसतं पंक्चर किट उपयोगाचं नाही. टायरची हवा पहाटे गार असताना तपासा. रस्त्यात तापल्यावर आकडा चढलेला दिसला म्हणून कमी करू नका. चेनला ओलसर तेल लावलंत तर वाळू चिकटून तिची पॉलिशपेपरसारखी गत होते, मेणाचं सुकं ल्यूब घ्या.

शारजाची_मावशी:

कागदांचं बोलते, कारण आमची एक रात्र सीमेवर त्यातच गेली. मुलकिया, म्हणजे गाडीचं नोंदणी कार्ड, ज्याच्या नावावर त्यानेच ती गाडी चालवा, नाहीतर मालकाचं लेखी ना-हरकत पत्र सोबत हवं. विमा ओमानमध्ये चालतो का ते पॉलिसीत बघा, काहींत आधीच असतं, नसेल तर ऑरेंज कार्ड, म्हणजे शेजारच्या अरब देशांत चालणारं विम्याचं कार्ड, काढावं लागतं. ओमानचा व्हिसा ऑनलाइन काढून छापील प्रत ठेवा.

पुणेकर मित्राला मात्र सावध करा रे. व्हिजिट व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर ओमानात पाऊल टाकलं की तो संपला, परत दुबईत येता येणार नाही. भाड्याच्या बाईक बहुतेक कंपन्या देशाबाहेर नेऊ देत नाहीत. त्यापेक्षा त्याला मुंबईहून थेट मस्कतला उतरू दे, तिथून निझव्याला येऊ दे, तुम्ही त्याला व्ही-स्ट्रॉमच्या मागच्या सीटवर घ्या. परततानाही तो मस्कतहूनच घरी जाईल. त्याला राग येईल, येऊ दे.

मिरजमार्गे:

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर धाग्याची लिंक टाकली. टी-शर्टवाला गप्प आहे. सिंहगडवाला म्हणतोय, तीन दिवस जाण्यातच घालवले तर रजेचं काय. त्यावर उपाय शोधतोय. पुणेकर मागच्या सीटला तयार झाला, पण "घाट मी चालवणार" अशी अट घालून.

एक राहिलं. परतताना त्याच रस्त्याने यायचा कंटाळा येईल. किनाऱ्याने, हासिक-शुवैमिया-दुक्म असं यावं का?

वाळूतला_सातारकर:

हासिक ते शुवैमिया हा रस्ता देखणा आहे, डाव्या हाताला कडे आणि उजवीकडे समुद्र. खरीफमध्ये तिथे वारा जोराचा असतो, आणि दुक्मच्या पुढे वाळू रस्त्यावर येते. पंपही विरळ. हिमालयनवाले हळूहळू काढतील, बाकीच्यांचं मनावर आहे. दुक्मला मुक्काम करा, एका दमात ओढू नका.

आणि पुणेकराला घाट देऊ नका, थुमरैतनंतरचा उतार तर मुळीच नाही. त्याच्याकडे कागद नाहीत हे एक. दुसरं म्हणजे तिथे कोरड्या चाळीसमधून पाच-दहा मिनिटांत ढगात शिरता. हेल्मेटची काच आतून-बाहेरून धुरकटते, भुरभुरीने रस्ता निसरडा होतो, आणि त्या धुक्यात उंट आणि गुरं रस्त्यावर निवांत उभी असतात. धुकं सुरू होण्याआधीच थांबून काच पुसा, पावसाळी जॅकेट चढवा, चारही गाड्यांचे दिवे लावून अंतर ठेवून उतरा. खाली पोचल्यावर शहाळ्याच्या आणि केळ्यांच्या टपऱ्या लागतात, तिथे एकमेकांची वाट बघा.

मिरजमार्गे:

ठरलं. हैमाच्या मोटेलला फोन लावतोय, दोन खोल्या मिळाल्या की इथे कळवतो. कोणाकडे ट्यूब बदलायची पाती जादा असतील तर व्यक्तिगत निरोप करा, शारजात येऊन घेऊन जाईन.