शब्दचर्चा: ‘हस्तक्षेपविरोधी’, ‘अलिप्ततावादी’ आणि अमेरिकेतले उजवे उमेदवार

प्रश्न

अमेरिकेच्या निवडणुकांवरचा एक लेख मराठीत आणतो आहे. त्यात रॉन पॉल, पॅट ब्युकॅनन अशा रिपब्लिकन उमेदवारांना ‘नॉन-इंटरव्हेन्शनिस्ट कॉन्झर्व्हेटिव्ह’, म्हणजे परक्या देशांच्या भानगडींत अमेरिकेने पडू नये असं मानणारे उजवे, म्हटलं आहे. मी ‘अलिप्ततावादी पुराणमतवादी’ असं लिहिलं, पण वाचताना दोन्ही शब्द खटकतात. शोधलं तर ‘एकाकीपणाचं धोरण’, ‘अलगतावाद’, ‘अहस्तक्षेप’ असं बरंच काही सापडतं. कोणता शब्द घ्यावा आणि का?

प्रतिसाद

‘अलिप्ततावादी’ आधी काढून टाका. हा शब्द मराठीत नेहरूंच्या परराष्ट्र धोरणासाठी रुजला आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. अलिप्ततावाद म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन गटांपैकी कुणाच्याच दावणीला बांधून न घेणं. जगाच्या भानगडींतून अंग काढून घेणं हा त्याचा अर्थ कधीच नव्हता. कोरियाच्या युद्धात १९५० साली भारताने वैद्यकीय पथक पाठवलं. १९५३ मध्ये तिथल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे होतं. पुढे काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली भारतीय फौजा गेल्या. रॉन पॉल यांना यातलं जवळजवळ काहीच पटलं नसतं. त्यांना तर अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांतूनच बाहेर पडावं असं वाटायचं. नेहरू आणि पॉल या दोघांना एकच विशेषण लावलं की दोघांवरही अन्याय होतो.

शिवाय आपल्याकडे बाजू उलट्या होत्या. अलिप्ततावादावर सर्वांत खरमरीत टीका केली ती स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींसारख्या उजव्या नेत्यांनी. भारताने पाश्चात्त्य लोकशाही देशांच्या बाजूने उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे ‘अलिप्ततावादी उजवा’ हे आपल्या वाचकाच्या कानाला विचित्रच वाटणार.

‘अलगतावाद’ही नको. हिंदीतला ‘अलगाववाद’ म्हणजे फुटीरता, आणि हिंदी बातम्या ऐकणाऱ्याला तेच आठवतं. ‘आयसोलेशनिझम’साठी, म्हणजे जगापासून तुटून राहण्याच्या धोरणासाठी, ‘विलगतावाद’ चालेल. ‘विलगीकरण’ करोनाच्या काळात घरोघरी पोचलं, त्यामुळे अर्थ समजायला अडचण नाही. पण तुमच्या लेखात मूळ शब्द तो नाही आणि हा फरक महत्त्वाचा आहे. विलगतावादी हे बहुतेक वेळा विरोधकांनी चिकटवलेलं नाव असतं. ज्यांना ते चिकटलं त्यांतल्या फार थोड्यांनी ते स्वतःहून मिरवलं.

माझं मत स्पष्ट आहे: हस्तक्षेपविरोधी. धोरणाचं नाव हवं असेल तिथे ‘हस्तक्षेप न करण्याचं धोरण’. ‘निर्हस्तक्षेप’ घेऊ नका, कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘निर्हस्तक्षेपाचं धोरण’ म्हणजे सरकारने बाजारात न पडणं. रॉन पॉल यांच्याबाबतीत तर गोंधळ हमखास होणार, कारण त्यांना दोन्ही मान्य होतं.

प्रतिसाद

‘हस्तक्षेपविरोधी’ला अनुमोदन. पण या परंपरेची मुळं माहीत असल्याशिवाय शब्दाचं वजन कळत नाही, म्हणून थोडं लिहितो.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात परक्या देशांशी कायमच्या मैत्रीकरारांपासून दूर राहा, असं बजावलं होतं. पण त्याच संदेशात व्यापारी संबंध वाढवा असंही आहे. जेफर्सन यांनी १८०१ च्या शपथविधीच्या भाषणात हेच दोन्ही भाग एकत्र मांडले: सर्वांशी शांतता, व्यापार आणि मैत्री, पण गुंतवून टाकणारी युती कुणाशीही नाही. ४ जुलै १८२१ रोजी परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स म्हणाले की राक्षसांच्या वधासाठी अमेरिका परदेशी भटकत नाही. वॉशिंग्टन, जेफर्सन आणि ॲडम्स या तिघांना ब्युकॅनन आणि पॉल आपले पूर्वज मानतात.

विसाव्या शतकात या विचाराचा खरा मोठा माणूस म्हणजे ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट. लोक त्यांना ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत, इतके ते पक्षाच्या गाभ्यातले. १९४९ साली नाटोचा करार सिनेटमध्ये ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. त्या तेरांत टाफ्ट होते. त्यांची भीती दुहेरी होती. एक म्हणजे युद्धात पडायचं की नाही हा निर्णय काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, हातून निसटेल. दुसरी, कायमच्या फौजफाट्याने कर वाढतील आणि केंद्र सरकार अवाढव्य होईल. १९५२ मध्ये पक्षाची उमेदवारी आयझेनहॉवर यांनी त्यांच्याकडून हिसकावली आणि त्यानंतर कित्येक दशकं पक्षात हा विचार मागे पडला.

तुमच्या वाचकाला हे सांगायलाच हवं. आपल्याकडे युद्धविरोध म्हटला की डावे आठवतात. टाफ्ट यांच्या युद्धविरोधामागे शांततावाद नव्हता, तर सरकार मर्यादित राहावं ही तळमळ होती. म्हणून ‘शांततावादी’ किंवा ‘युद्धविरोधी’ हे शब्दसुद्धा अपुरे पडतात.

प्रतिसाद

‘पुराणमतवादी’बद्दल कुणीच बोललं नाही. इंग्लंडच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वर्तमानपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ असं सुरेख नाव दिलं, पण ते अमेरिकेला लागू पडत नाही. ‘सनातनी’ धार्मिक होतं. ‘पुराणमतवादी’त बुरसटलेपणाची छटा आहे, म्हणजे आपण नाव देतानाच निकाल देतो. ‘परंपरावादी’ किंवा सरळ ‘उजवे’ बरं. ‘रिपब्लिकन’ मात्र पहिल्यांदा येईल तिथे ‘अमेरिकेतला रिपब्लिकन पक्ष’ असंच लिहा. महाराष्ट्रात नुसतं ‘रिपब्लिकन’ म्हटलं की बाबासाहेबांच्या संकल्पनेतला पक्ष डोळ्यांपुढे येतो.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. ‘हस्तक्षेपविरोधी परंपरावादी’ बसतं आहे. पण एक शंका. ब्युकॅनन, पॉल आणि ट्रम्प या तिघांनाही हेच विशेषण चालेल का? लेखात तिघांची नावं एका ओळीत आहेत.

प्रतिसाद

इथेच सावध राहा. तिघांना तीन कसोट्या लावून बघा: फौजा, करारमदार आणि व्यापार.

रॉन पॉल तिन्हींत सुसंगत. ऑक्टोबर २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे प्रतिनिधिगृहात फक्त सहा रिपब्लिकन होते आणि ते त्यांच्यापैकी एक. परदेशातले तळ बंद करा, परदेशी मदत थांबवा, पण व्यापार मात्र खुला ठेवा, क्युबाशीसुद्धा. आपल्याला विलगतावादी म्हणणाऱ्यांना ते उत्तर द्यायचे की निर्बंध लादून देशादेशांतलं दळणवळण तोडणारे खरे विलगतावादी. ‘हस्तक्षेपविरोधी’ हा शब्द त्यांना तंतोतंत लागतो.

ब्युकॅनन यांचं वेगळं. १९९१ च्या आखाती युद्धाला त्यांनी विरोध केला, १९९२ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षांना, थोरल्या बुशना, आव्हान दिलं आणि १९९६ मध्ये न्यू हॅम्पशायरची प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) जिंकली. मात्र नाफ्टाला, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या खुल्या व्यापाराच्या कराराला, त्यांचा कडाडून विरोध होता, आयातशुल्क वाढवा आणि स्थलांतर रोखा हा त्यांचा धोशा होता. त्यांना हस्तक्षेपविरोधी म्हणा, पण ‘संरक्षित व्यापाराचे पुरस्कर्ते’ हे शेजारी जोडा.

ट्रम्प यांना हे विशेषण द्यायला माझा ठाम नकार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादसभेत, बुश घराण्याच्या हक्काच्या राज्यात, त्यांनी इराक युद्ध ही घोडचूक होती असं सांगितलं. हे धाडस होतं, आणि मतदारांनी त्यांना तिथे जिंकवलं. पण जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्बहल्ले करण्याचा आदेश त्यांचाच. ‘अमेरिका फर्स्ट’ ही घोषणा आहे, तिचा अर्थ हस्तक्षेप न करणं असा होतोच असं नाही. १९४० च्या ‘अमेरिका फर्स्ट कमिटी’ला तो अर्थ होता, कारण युरोपच्या युद्धात पडू नका एवढीच तिची मागणी होती. म्हणून ट्रम्पसाठी ‘अमेरिका फर्स्टवाले’ असंच राहू द्या.

आणि धाकट्या बुशनाही विसरू नका. २०००च्या प्रचारात ते नम्र परराष्ट्र धोरणाची भाषा करत होते आणि दुसऱ्यांची राष्ट्रं उभारत बसायला त्यांचा विरोध होता. तीन वर्षांत ते इराकमध्ये होते. उमेदवाराच्या भाषणावरून विशेषण देऊ नका. त्याने मत कुठे दिलं, आदेश कोणता काढला, ते पाहून द्या.

प्रश्नकर्ता

हे पटलं. तिघांची ओळ मोडतो. शेवटचं एक: पॉल यांच्या संदर्भात ‘ब्लोबॅक’ येतो. ‘प्रत्याघात’ लिहू?

प्रतिसाद

‘प्रत्याघात’ नको, त्यात मुद्दाम केलेला उलटा वार ऐकू येतो. ब्लोबॅक हा सीआयएच्या परिभाषेतला शब्द. गुपचूप केलेली कारवाई पुढे कधीतरी आपल्याच नागरिकांवर उलटते, असा त्याचा अर्थ. मे २००७ च्या वादसभेत पॉल यांनी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागचं एक कारण म्हणून अमेरिकेच्या मध्यपूर्वेतल्या कारवायांकडे बोट दाखवलं, १९५३ ला इराणचं सरकार उलथवलं त्याचा दाखला दिला. त्यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार, न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जूलियानींनी त्यांना विधान मागे घ्यायला सांगितलं, सभागृहाने जूलियानींसाठी टाळ्या वाजवल्या, पॉल यांनी मागे घेतलं नाही. तिथे ‘अंगलट येणं’ लिहा: ‘इराणमधली ती कारवाई पुढे अमेरिकेच्याच अंगलट आली, असं पॉल यांचं म्हणणं होतं.’ पहिल्या उल्लेखाला ब्लोबॅक तसाच ठेवा, पुढे मराठी क्रियापद वापरा.