जादूच्या वस्तूंवर घासाघीस किती चालू द्यायची?

रात्रपाळी: डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ) पाचवी एडिशन, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे जो खेळ चालवतो) मी आहे. परवा एका बॅग ऑफ होल्डिंगच्या (आतून खूप मोठी असलेली जादूची पिशवी) भावावरून अर्धं सेशन गेलं, दोघा खेळाडूंना जाम मजा येते पण बाकीचे मोबाईल बघत बसतात. काय करू?

फासेवाला: पर्सुएशनचा (पटवून देण्याचं कौशल्य) एकच रोल घे भावा, म्हणजे एकदाच फासा टाकायचा, दुकानदाराच्या इनसाइटविरुद्ध (समोरच्याचा डाव ओळखण्याचं कौशल्य). जिंकला तर १० टक्के कमी, हरला तर भाव तोच, परत रोल नाही. आणि किंमत आधीच ठरवून ठेव, २०१४ च्या डीएम गाइडमधे (डीएमसाठीचं नियमांचं पुस्तक) अनकॉमन (दुर्मिळतेचा एक दर्जा) वस्तूला १०१ ते ५०० गोल्ड (खेळातली सोन्याची नाणी) एवढी मोठी रेंज आहे म्हणून तर वाद होतात, २०२४ मधे सरळ ४०० केलंय.

चेटकीण: मी तर पैशात सूट देतच नाही. दुकानदाराला काहीतरी हवं असतं, कुणीतरी पळवलेला माल, एखादं पत्र पोचवायचं, मग त्यातूनच पुढचं अ‍ॅडव्हेंचर निघतं आणि गप्प बसणारे पण बोलायला लागतात. हीलिंग पोशनवर (जखमा भरणारं औषध) मात्र हे नको, ५० गोल्डला द्या आणि पुढे चला.

रात्रपाळी: हे भारी आहे! आणि खेळाडूच वस्तू विकायला आले तर?

फासेवाला: जुन्या ३.५ एडिशनमधे अर्ध्या भावात विकायचे, तेच धर.