मदत हवी आहे: अंथरुणावरच्या बाबांना आणखी काय दाखवता येईल?

नमस्कार मंडळी. बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून घरावर मळभ आहे, त्यात ह्यांची नोकरी सुटली. कुठलंही बोलणं औषधं आणि बिलांवरच येऊन थांबतं.

मध्यंतरी लेकीला गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सुटतो! आम्ही कुंडीच बाबांच्या पलंगाशेजारी आणली. एका अळीने कोष केलाय. आता बाबा जाग आल्यावर आधी तिकडे बघतात, डाव्या हाताने खूण करून नातीला बोलावतात. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःहून कुणाला बोलावलं नव्हतं हो.

असं आणखी काही सुचवा ना. खर्च मात्र झेपणार नाही. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली येते, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर आल्याने उभ्या वस्तूची सावली क्षणभर दिसेनाशी होते; त्या दुपारी त्यांना व्हीलचेअरवरून गच्चीत न्यायचं ठरवलंय. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक आपल्याकडून कधी दिसेल, हे आधी कुठे कळतं? खिडकी पश्चिमेला आहे. आणि फुलपाखरू बाहेर आलं की पंख वाळेपर्यंत खोलीतच राहू द्यावं का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा, कोषाचा रंग बदलायला लागलाय.