क्लाउड सुरक्षेसाठी टूल घ्यायचंय, पण आधी कुठलं? जाणकारांनी मदत करावी

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेचे सर्व्हर आणि डेटाबेस एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) आहेत, मेल आणि फाइल्स मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. सुरक्षेसाठी वेगळा माणूस नाही, सर्व्हर सांभाळणारे आम्हीच तेही बघतो. आता वरून फर्मान आलंय, "एक चांगलं सिक्युरिटी टूल घेऊन टाका." डेमो पाहून डोकं भणाणलंय.

मला उमगलं ते असं: सीएसपीएम क्लाउडच्या सेटिंग्ज तपासतं, सीडब्ल्यूपीपी चालू सर्व्हर आणि कंटेनरवर नजर ठेवतं, सीआयईएम कोणाला गरजेपेक्षा जास्त परवानग्या आहेत ते दाखवतं आणि सीनॅप म्हणजे या सगळ्याची मोट. कॅसबी नेमकं कुठे बसतं ते अजून कळलेलं नाही. यातलं आधी काय घ्यावं? की एडब्ल्यूएसच्याच सोयींवर भागेल? साहेबांचा प्रश्न वेगळाच आहे: सुरक्षा एडब्ल्यूएस बघतं ना, मग आपण कशाचे पैसे मोजायचे? त्यांना पटेल असं उत्तर हवंय.

प्रतिसाद १

साहेबांपासून सुरुवात करू. इमारत, हार्डवेअर, व्हर्च्युअलायझेशन एडब्ल्यूएसचं. ईसीटूवरच्या (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरवरच्या) ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच तुमचे. आरडीएस (त्यांनीच सांभाळलेला डेटाबेस) घेतलं तर तेही त्यांच्याकडे जातात, पण डेटाबेस कोणाला उघडा ठेवायचा हे तुम्हीच ठरवता. डेटा आणि परवानग्यांची जबाबदारी कुठलीही सेवा घेतली तरी तुमचीच.

त्यांना कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचं २०१९ चं प्रकरण सांगा. चुकीच्या पद्धतीने कॉन्फिगर केलेल्या फायरवॉलमधून हल्लेखोराने एका रोलची (सर्व्हरला दिलेल्या परवानग्यांच्या संचाची) क्रेडेन्शियल्स मिळवली. त्या रोलला एस-थ्रीमधला (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीतला) डेटा वाचता येत होता, त्यामुळे अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली. डेटा एन्क्रिप्ट केलेला असूनही! ज्या परवानगीने तो वाचता येत होता, तिनेच तो उलगडतही होता. त्याच वर्षी एडब्ल्यूएसने आयएमडीएसव्ही२ (सर्व्हरला अशी क्रेडेन्शियल्स पुरवणाऱ्या सेवेची जास्त कडक आवृत्ती) आणलं. तुमच्या ईसीटूंवर ते सक्तीचं आहे का, एवढं आजच तपासा.

विकत घेण्याआधी हे करा: रूट अकाउंटला (सगळे अधिकार असलेल्या मूळ खात्याला) एमएफए (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) लावा आणि त्याच्या अ‍ॅक्सेस की (प्रोग्रॅमने लॉगिन करायच्या चाव्या) असतील तर काढून टाका. माणसांना कायमच्या की देऊ नका, एडब्ल्यूएसच्या आयडेंटिटी सेंटरमधून लॉगिन द्या. क्लाउडट्रेलचा (अकाउंटमध्ये कोणी काय केलं त्या नोंदींचा) इतिहास आपोआप ९० दिवसांचाच दिसतो, म्हणून ट्रेल बनवून लॉग वेगळ्या अकाउंटमधल्या बकेटमध्ये (एस-थ्रीच्या कप्प्यात) टाका. गार्डड्यूटी (संशयास्पद हालचाली पकडणारी एडब्ल्यूएसची सेवा) तुम्ही वापरत नसलेल्या रीजनमध्येसुद्धा (एडब्ल्यूएसच्या भौगोलिक विभागांतही) चालू ठेवा, चोरलेल्या कीने क्रिप्टो मायनिंग तिथेच गुपचूप सुरू होतं. पहिले ३० दिवस ते मोफत असतं, खर्चाचा अंदाज तेवढ्यात येतो.

सीएसपीएमची चव घ्यायची तर प्राउलर चालवा, ओपन सोर्स आहे. पहिला रिपोर्ट मारुतीच्या शेपटासारखा लांबलचक येईल. सगळं निस्तरायला जाऊ नका, इंटरनेटला उघडं काय आहे आणि अ‍ॅडमिन परवानगी कोणाकडे आहे, एवढंच आधी बघा.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण सगळी चर्चा एडब्ल्यूएसवरच अडकली. माझ्या मते तुमचा जास्त धोका मेलमध्ये आहे. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड डेटा कंपनीच्या ग्राहकांचा डेटा चोरीला गेला तेव्हा स्नोफ्लेकची यंत्रणा कोणी फोडली नव्हती. मालवेअरने आधीच चोरलेले पासवर्ड वापरले गेले आणि त्या खात्यांना एमएफए नव्हतं. ३६५ मध्ये सगळ्यांना एमएफए लावा. शिवाय कर्मचाऱ्यांनी "अलाउ" दाबून कुठल्या बाहेरच्या अ‍ॅपना मेलबॉक्स वाचू दिलाय, ती यादी काढा. पासवर्ड बदलला तरी ती परवानगी सहसा तशीच राहते.

कॅसबी इथे येतं. कर्मचारी कुठल्या क्लाउड सेवा वापरतात आणि त्यात काय टाकतात, यावर ते लक्ष ठेवतं. डिफेंडर फॉर क्लाउड अ‍ॅप्स हे त्यातलंच, तुमच्या लायसन्समध्ये आहे का ते बघा.

आणि अलर्ट रात्री आला तर उघडणार कोण? हे ठरलेलं नसेल तर सीनॅप घेऊन उपयोग शून्य.

धागाकर्ता

दोघांचे आभार! रात्रीचा प्रश्न बैठकीत मांडतोच. प्राउलरला अ‍ॅडमिन रोल द्यावा लागतो का?

प्रतिसाद १

अजिबात नाही. सिक्युरिटीऑडिट आणि व्ह्यूओन्लीअ‍ॅक्सेस या तयार पॉलिसींवर बहुतेक तपासण्या होतात. नुसत्या स्कॅनिंगसाठी विक्रेता अ‍ॅडमिन मागत असेल तर कारण लेखी घ्या.