घरी वाजवायला डिजिटल पियानो : ५५ हजारांत कुठला? (नांदेड)

गोदाकाठ

पोरगी दहा वर्षांची आहे. दोन वर्षं पेटी शिकली, आता ऑनलाइन क्लासात पियानो शिकायली आहे, नोटेशन वाचून. सर म्हणाले ८८ पट्ट्या आणि वजनदार पट्ट्या असलेलाच बोर्ड घ्या, पुढं परीक्षा द्यायच्या आहेत. बजेट ५५,०००, त्यातच स्टँड आणि पेडल बसवायचं.

गावातल्या दुकानात मिळतात ते ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड, तबल्याच्या ठेक्यांसकट. दुकानदार म्हणतो लहान लेकराला हेच बरं. नेटवर पाहून तीन नावं काढली आहेत : यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१०, कॅसिओ सीडीपी-एस११०. तिन्हींचे आकडे वाचले, पण त्यातला कुठला आकडा खरंच कामाचा ते कळंना. हातानं वाजवून बघायला पुण्याला नाहीतर हैदराबादला जावं लागणार. जाण्याआधी काय बघायचं ते सांगा. आमच्याकडं लाइट जाते, उन्हाळ्यात कूलर चालतो, घर दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली भाडेकरू आहेत.

---

पट्टीचं_वजन

आधी दुकानदाराचा विषय संपवू. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डात पट्टीखाली स्प्रिंग असते, पियानोच्या यंत्रणेत हातोडी असते. स्प्रिंग जितकी दाबाल तितकी जास्त विरोध करते. हातोडीचं उलटं आहे : सुरुवातीला ढकलावी लागते, मग ती स्वतःच्या वजनानं जाते. स्प्रिंगवर घडलेली बोटं पियानोवर गेली की हळू वाजवता येत नाही, एकतर सूर निघत नाही नाहीतर ठणकतो. नोटेशन आणि परीक्षेचा रस्ता धरला असेल तर ८८ आणि हातोडी, यात तडजोड नको. ठेके फोनवरसुद्धा वाजतात.

आता आकडे. आवाजांची संख्या सोडून द्या. पी-१४५ मध्ये १०, सीडीपी-एस११० मध्ये १०, एफपी-१० मध्ये १५ आहेत, आणि घरात त्यातले दोनच वाजतात. पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी किती सूर जिवंत राहू शकतात : यामाहा आणि कॅसिओत ६४, रोलँडमध्ये ९६. पहिली तीन-चार वर्षं ६४ पुरतात. पेडल दाबून ठेवून लांबलचक तुकडा वाजवला की जुने सूर मधेच तुटतात. दुकानात खालचा एक जाड कॉर्ड (तीन-चार सूर एकत्र) पेडलवर धरा आणि वर भरभर वाजवत जा, खालचा आवाज कधी गायब होतो ते कानाला कळतं.

खरा फरक पट्टीखालच्या सेन्सरमध्ये आहे. एफपी-१० मध्ये तीन सेन्सर, बाकी दोघांत दोन. दोन सेन्सरवाली पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. तीनवाली अर्ध्यातूनच पुन्हा वाजते, खऱ्या ग्रँड पियानोसारखी. पट्टी अर्धी वर येऊ द्या, पुन्हा दाबा. सूर आला की समजा तीन. ट्रिल (शेजारचे दोन सूर आलटून-पालटून भरभर) आणि एकच सूर भरभर वाजवायचे धडे येतात तेव्हा याचा उपयोग.

सोबत दहा रुपयांची आठ-दहा नाणी न्या. एक नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्टीच्या अगदी काठावर एकेक ठेवत जा. खऱ्या पियानोत साधारण ५० ग्रॅमच्या आसपास पट्टी खाली जाते, म्हणजे सहा-सात नाणी. डिजिटलला बरेचदा थोडी जास्त लागतात, त्याचं काही नाही. महत्त्वाचं पुढं आहे : तीच पट्टी आत, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागी बोटानं दाबून बघा. काठापेक्षा फारच जड लागली तर पट्टीची दांडी (काठापासून आतल्या टेकूपर्यंतची लांबी) आखूड आहे. काळ्या पट्ट्यांवरचे स्केल सुरू झाले की हात आत सरकतो आणि तिथंच लेकरं अडतात. सीडीपी-एस११० ची खोली फक्त २३२ मिलिमीटर आहे. टेबलावर ठेवायला छान, पण एवढ्या अंगात दांडी लांब बसणार कुठून? पी-१४५ सुद्धा आत गेल्यावर जरा अडतो. एफपी-१० यात सरस वाटतो.

माझं मत एफपी-१०. आवाजानं तो तिघांत बसका आहे (स्पीकर ६ वॅटचे दोन), पण हेडफोन लावला की फरक राहत नाही. पट्टी मात्र नंतर बदलता येत नाही.

---

सोल्डर_आणि_रोझिन

वरचं पटतं. पण नांदेडात बसून पुण्याच्या खोलीतला सल्ला द्यायला नको. वीज आणि धूळ यांचं बोलू.

तिन्ही बोर्ड अडॅप्टरवर चालतात, आत मोठं ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नसतं. यामाहा आणि कॅसिओचा अडॅप्टर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त १८ वॅट. एवढा भार कुठलाही इन्व्हर्टर झोपेत ओढतो. पण इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमधून बारीक घूं येऊ शकतं. साइन वेव्ह असेल तर प्रश्न नाही. अडॅप्टर सरळ भिंतीत न लावता स्पाइक गार्डवर लावा. लाइट परत येते त्या क्षणीचा झटका अडॅप्टर मारतो, बोर्ड सहसा वाचतो. दुसरा अडॅप्टर घेताना व्होल्ट, अँपिअर, पिनची जाडी आणि मधली पिन धन की ऋण, चारही जुळवा. राउटरच्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालवायचा मोह सगळ्यांना होतो. पिन बसली म्हणजे ध्रुव जुळले असं नसतं, आणि वॉरंटीत ते बसत नाही.

कॅसिओचा एक मुद्दा वर कुणी घेतला नाही. सीडीपी-एस११० सहा एए सेलवर चालतो, बाकी दोघं नाही. इन्व्हर्टर नसलेल्या घरात दिवसाचे ठरलेले तास लाइट जात असेल तर ही लहान गोष्ट नाही, रियाज चुकत नाही. अल्कलाइन किंवा रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल घाला, रिमोटमधले स्वस्त सेल नको. आणि महिनाभर लागणार नसतील तर काढून ठेवा. सेल पाझरला की कप्प्यातल्या पट्ट्या हिरव्या पडतात.

कूलर. त्याचा झोत थेट बोर्डावर येता कामा नये. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, पॅडवर पांढरा थर बसतो तो तुम्ही बघताच. तीच ओल पट्ट्यांच्या फटीतून आत जाते. प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी असते, त्यात कार्बनचे दोन ठिपके (एफपी-१० ला तीन). पट्टी दाबली की ठिपके एकामागून एक खालच्या सर्किट बोर्डाला टेकतात आणि मधल्या वेळावरून बोर्ड ठरवतो की सूर किती जोरात वाजवायचा. धूळ किंवा ओल बसली की ती वेळ चुकीची मोजली जाते : एखादा सूर एकदम ठणकन वाजतो, कितीही हळू दाबा, नाहीतर वाजतच नाही. जुना बोर्ड घेणार असाल तर सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून अगदी हळू दाबा. जी मधेच ओरडते तिच्यात कचरा आहे. दुरुस्ती अवघड नाही. खोललं, रबराची पट्टी काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसल्या, वाळू दिलं, तशीच दिशा ठेवून परत बसवली. फक्त खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर जागा लिहून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पट्टीखालच्या सर्किट बोर्डात घुसतो.

झाकायला सुती चादर. प्लास्टिकच्या कव्हरखाली पावसाळ्यात घाम सुटतो. आणि उंदीर असलेल्या घरात बोर्ड भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, आतलं फेल्ट त्यांना फार आवडतं.

---

काळी_पाच

पेटी शिकलेलं लेकरू आहे म्हणून दोन गोष्टी.

पेटीवर सूर भात्यावर टिकतो, पियानोवर वाजला की मरायला लागतो. पहिले काही महिने पोरगी पट्टी जोरानं दाबून धरील, सूर लांबेल म्हणून. लांबत नाही, मनगट मात्र आखडतं. सरांना हे आधीच सांगून ठेवा.

दुसरं, घरात भजनाला साथ करायची असेल तर ट्रान्सपोज बघा, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, एका आकड्याला एक पट्टी. पांढरी एकला सा धरून वाजवायची सवय असेल आणि गाणारा काळी एकचा असेल तर +१. पांढरी चारला +५. काळी पाचला +१० नाही, −२ ठेवा, नाहीतर आवाज चिमणीसारखा होतो. −६ पासून +५ पर्यंत मिळालं की बाराही सूर पुरतात. बऱ्याच बोर्डांत बंद करून चालू केलं की ट्रान्सपोज परत शून्यावर येतं. परीक्षेच्या तयारीत उलट तेच बरं.

घरातली पेटी जुनी असेल तर ती ४४० हर्ट्झला (पियानोचा नेहमीचा मेळ) असेलच असं नाही. फोनवर ट्यूनर लावून पेटीची पांढरी सहा वाजवा, आकडा ४४४ आला तर पियानो ४४४ करा. या बोर्डांत साधारण ४१५ ते ४६६ हर्ट्झपर्यंत सरकवता येतं. पेटीचे रीड घासून पियानोला जुळवत बसू नका.

---

गोदाकाठ

खूपच कामाचं सांगितलंत. इन्व्हर्टर आहे, साइन वेव्हचा. म्हणजे सेलचा मुद्दा माझ्यासाठी नाही. अजून तीन : स्टँड लागतोच का, जेवणाचं टेबल रिकामंच असतं. माझे ब्लूटूथचे इयरबड्स चालतील का? आणि खाली भाडेकरू आहेत त्याचं काय?

---

पट्टीचं_वजन

टेबल नको. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर, वर बोर्डाची जाडी दहाएक, म्हणजे पट्ट्या ८५ वर गेल्या. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून ७३ च्या आसपास असतात. दहा वर्षांच्या लेकराचे खांदे कानाला लागतील. म्हणून स्टँडची वरची कड ६२–६३ ला बसली पाहिजे. इंग्रजी एक्सच्या आकाराचा स्टँड स्वस्त मिळतो पण उंच केला की डुलतो आणि खाली केला की गुडघे अडकतात. चौकोनी पायांचा, टेबलासारखा स्टँड घ्या, नाहीतर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपचा करून घ्या. माप देताना पायाखालचं रबर धरून द्या, आणि बोर्डाच्या तळाला स्पीकरची जाळी असेल तर तिच्यावर आडवा पाइप येऊ देऊ नका.

बसायला उंची बदलणारा स्टूल. कोपर पट्टीच्या पातळीला किंवा किंचित वर, एवढंच माप. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.

ब्लूटूथ इयरबड्स नाही. त्यात आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा येतो, बोट आणि कान यांची फारकत होते आणि लय बिघडते. शिवाय एफपी-१० चं ब्लूटूथ फक्त मिडीचं आहे, म्हणजे ॲपला कुठली पट्टी दाबली ते कळवतं, आवाज पाठवत नाही. वायरचा, कान झाकणारा हेडफोन घ्या. खाचा काही बोर्डांत ३.५ मिलिमीटरच्या असतात, काहींत ६.३५ च्या, म्हणून कन्व्हर्टर सोबत ठेवा.

भाडेकरूंचं : हेडफोन लावला तरी पट्ट्यांचा धप-धप आवाज स्टँडच्या पायातून स्लॅबमध्ये उतरतो. खाली तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त ऐकू जातो. चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे, आणि त्याखाली व्यायामाची मॅट. पेडलखालीसुद्धा. पेडलची टकटक तर पट्टीपेक्षा वाईट.

---

सोल्डर_आणि_रोझिन

पेडलचं सांगतो, कारण घरीच सुटणारी गोष्ट लोक सर्व्हिस सेंटरला नेतात. बोर्डासोबत येतं ते बहुतेक चपटं प्लास्टिकचं बटण असतं, फरशीवर घसरतं. पहिल्या महिन्याला चालेल, पण पुढं धातूच्या पायपट्टीचं, अर्धं दाबल्याचं ओळखणारं पेडल घ्या, आणि त्याच कंपनीचं घ्या. यामाहासाठी एफसी३ए, रोलँडसाठी डीपी-१०. दुसऱ्या कंपनीचं लावलं की उलटं चालू शकतं : पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की थांबतात. ते बिघडलेलं नसतं, ध्रुव उलटा असतो. कित्येक बोर्ड चालू होतानाच पेडलचा ध्रुव तपासतात. म्हणून बोर्ड बंद, मग पिन आत, पाय पेडलवर न ठेवता चालू. पाय ठेवून चालू केलं तर बरोबरचं पेडलही उलटं वागतं. पेडलवर छोटा खटका असेल तर तो दुसऱ्या बाजूला करून बघा.

बाकी एफपी-१० की पी-१४५, यात मी तुमच्या जागी सर्व्हिस बघीन. कुठल्या कंपनीचा माणूस नांदेडला किंवा निदान संभाजीनगरला येतो ते फोन करून विचारा, आणि घरी येतो की बोर्ड त्याच्याकडं न्यायचा तेही. बारा किलोचा, सव्वा मीटरहून लांब डबा एसटीत घालून नेणं म्हणजे काय ते कळेल. पट्टी थोडी डावी असली तरी दुरुस्त होणारा बोर्ड बरा.

---

पट्टीचं_वजन

इथं जमत नाही माझं. वॉरंटीत बिघडण्याची शक्यता कमी, रोज आत सरकून वाजवायचं मात्र नक्की. पण फोन करून विचाराच, त्यात तोटा नाही.

---

काळी_पाच

कुरियरनं मागवला तर डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, सील फोडण्याच्या आधीपासून. मग लगेच : सगळ्या पट्ट्यांची रांग एका पातळीत आहे का ते डोळा खाली आणून बघा, प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही खाचांत हेडफोन (एकच खाच असेल तर तीच हलवून बघा, एका कानाचा आवाज जातो का), पेडल, यूएसबीची वायर फोनला लावून एखादं ॲप पट्ट्या ओळखतं का. डबा आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर. परत पाठवायची वेळ आली तर त्याशिवाय कुरियरवाला हात लावत नाही.