किंगने डेक्स्टर चर्च घडवलं म्हणे! जरा उलटं बघा की

उंबरठा
काल 'विजयपथ' यांनी टाकलेली पोस्ट वाचली तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अलाबामातल्या मॉन्टगोमरीचं डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च म्हणजे सुटाबुटातल्या झोपाळू लोकांचा क्लब होता, 1954 ला पंचविशीतला मार्टिन ल्यूथर किंग तिथे पास्टर म्हणून आला, त्याने सगळ्यांना गदागदा हलवलं आणि सव्वा वर्षात वर्णभेद पाळणाऱ्या शहर-बसवर काळ्या लोकांचा बहिष्कार उभा राहिला. खाली ठळक अक्षरात 'एक माणूस संस्था बदलतो' आणि त्याखाली लीडरशिप कोर्सची लिंक.

अहो, ते चर्च 1877 सालचं आहे. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झालेली. पहिला कायमचा पास्टर चार्ल्स ऑक्टेव्हियस बूथ, स्वतःच गुलामगिरीत जन्मलेला. लोकांनी 270 डॉलरला जागा घेतली ती कुठे, तर राज्याच्या कॅपिटलपासून, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीपासून, हाकेच्या अंतरावर, जिथे 1861 ला जेफरसन डेव्हिसने कॉन्फेडरसीचा, म्हणजे गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा, अध्यक्ष म्हणून शपथ घेतली होती. त्याच्या नाकासमोर काळ्या लोकांनी विटांचं चर्च बांधायचं हे झोपाळूंचं काम वाटतं का तुम्हाला?

आणि किंगच्या आधी कोण होतं तिथे? व्हर्नन जॉन्स. तुमच्या पोस्टमध्ये त्याचं नावसुद्धा नाही. हा माणूस 1952 पर्यंत दर रविवारी त्या डॉक्टर-प्राध्यापक मंडळींना झोडपत होता. 'मॉन्टगोमरीत काळ्या माणसाचा खून करायला काही भीती नाही' अशा अर्थाचं प्रवचनाचं नाव बाहेरच्या बोर्डवर लावायचा. वर शिकलेल्या पोरांनी नोकऱ्या मागत फिरण्यापेक्षा शेती करा, दुकानं काढा म्हणून स्वतः भाजी, मासे, कलिंगडं विकायचा. बायको कॉलेजात संगीत शिकवणारी आणि नवरा चर्चबाहेर कलिंगडं विकतोय, तिथल्या काकवांची काय तडफड झाली असेल विचार करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 21 मे 1954 ला महापौर गेलला पत्र गेलं की बसमधली वागणूक सुधारा, नाहीतर बहिष्काराची तयारी चालू आहे. लिहिलं कोणी? जो अ‍ॅन रॉबिन्सन. डेक्स्टरचीच सभासद, अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायची, विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या बायकांच्या संघटनेची अध्यक्ष. ती कौन्सिल 1946 ला काढलेली मेरी फेअर बर्क्सने, तीपण डेक्स्टरची. तुमचा किंग तेव्हा बोस्टनहून ये-जा करत होता, मुक्कामाला आला सप्टेंबरात. आता सांगा कोणी कोणाला हलवलं.

विजयपथ
तुमची पोस्ट वाचली. राग समजू शकतो पण तर्क समजला नाही. जॉन्स ग्रेट होता, मान्य. पण रिझल्ट काय? त्याचा बसमधला किस्सा तुम्हाला माहीत असेलच, ड्रायव्हरने उठ म्हटलं तेव्हा त्याने भाडं परत मागितलं आणि बाकीच्यांना म्हणाला चला माझ्याबरोबर खाली. किती उतरले? शून्य. उलट चर्चमधलीच एक बाई नंतर त्याला म्हणाली की तुम्हाला एवढं कळायला हवं होतं. हीच ती तुमची जागी मंडळी. तेच चर्च, तेच लोक, तीच बस. 1955 ला उठले कारण लीडर बदलला. सिंपल.

आणि किंगने पदावर आल्या आल्या चर्चला ज्या शिफारशी लिहून दिल्या त्या वाचा. त्यात त्याने स्वच्छ लिहिलंय की नेतृत्व बाकावरून (म्हणजे सभासदांकडून) पुलपिटकडे (पास्टरच्या प्रवचनाच्या जागेकडे) चढत नसतं, पुलपिटवरून बाकाकडे उतरतं. त्याचं स्वतःचं मत आहे हे, माझ्या कोर्सचं नाही.

उंबरठा
वा! त्याच शिफारशींमध्ये पुढे काय आहे तेही सांगायचं होतं की. सोशल अँड पोलिटिकल अ‍ॅक्शन कमिटी काढली, प्रत्येक सभासदाने मतदार म्हणून नोंद करायची, एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासद व्हायचं. आणि त्या कमिटीवर नेमलं कोणाला? बर्क्स आणि रॉबिन्सनला! चालत्या गाडीत बसला आणि म्हणे मी गाडी चालवतो. पंचविशीत सगळेच असं लिहितात.

अटलांटाकर
मी जाऊन आलोय तिथे. छोटंसं चर्च आहे, फोटोत वाटतं तेवढं मोठं अजिबात नाही. खालच्या मजल्यावर किंगच्या आयुष्यावरचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. 1978 ला चर्चचं नावच बदलून डेक्स्टर अव्हेन्यू किंग मेमोरियल केलंय. त्या लोकांना स्वतःलाच काही प्रॉब्लेम नाही तर आपण इथे बसून कशाला भांडतोय? बाकी हॉटेलं महाग आहेत, पार्किंगचे वेगळे पैसे.

उंबरठा
पाटीवर फक्त एकाचं नाव आहे हीच तर तक्रार आहे दादा. पार्किंगबद्दल आभारी.

निळा_पारवा
किंग किंग काय चाललंय सगळ्यांचं. 1959 ला हाच किंग मुंबईत उतरला, महिनाभर देशात फिरला आणि परत जाऊन 22 मार्चला ह्याच डेक्स्टरच्या पुलपिटवरून प्रवचन केलं कोणावर? गांधींवर. मॉन्टगोमरीत लोक पायी चालत होते त्याच ऑक्टोबरात, 1956 ला, नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि बहिष्कार संपायच्या दोन आठवडे आधी बाबासाहेब गेले. बाबासाहेबांनी 1946 लाच डू बॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं होतं, तिकडच्या काळ्या लोकांच्या युनोकडच्या अर्जाची चौकशी करायला. म्हणजे इकडून तिकडे नजर होती, तिकडून इकडे फक्त साबरमती दिसत होती. त्याच्यावर काढा धागा.

विजयपथ
विषयावर या प्लीज.

निळा_पारवा
हाच विषय आहे. कोणाचं नाव पाटीवर येतं आणि कोणाचं नाही. तुम्हाला झोंबलं म्हणून विषयांतर?

विजयपथ
मला काही झोंबलेलं नाही. मूळ मुद्दा बाजूला पडतोय एवढंच. रॉबिन्सनबाईंबद्दल आदर आहे पण त्यांची गोष्ट जरा फुगवून सांगतात असं माझं मत. बसमधली जागा गोऱ्याला दिली नाही म्हणून रोझा पार्क्सला 1 डिसेंबरला संध्याकाळी अटक झाली आणि बाईंनी म्हणे एका रात्रीत बहिष्काराची पस्तीस-पन्नास हजार पत्रकं काढली. 1955 साली! झेरॉक्स नव्हतं, प्रिंटर नव्हता. ऑफिसात दोनशे पानं काढायची तर आमचं मशीन आचके देतं. अशा दंतकथांवर इतिहास रचू नये.

खिळे_मास्तर
आता मला बोलणं भाग आहे. आमची सगळी उमेदीची वर्षं युनियनच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलवर गेली, तुमचं मशीन आचके देतं तो तुमच्या मशीनचा दोष.

नीट ऐका. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि मेणाच्या स्टेन्सिलवर उघड्या खिळ्याने टाइप करायचं. बोट जड पडलं की गोल अक्षराचं पोट भोक पडून गळून जातं, मग ते लाल करेक्शन फ्लुइड लावून फुंकत बसायचं, नेलपॉलिशसारखा वास. स्टेन्सिल ड्रमवर चढवलं की पुढे नुसतं चालवायचं. इलेक्ट्रिक मशीन असेल तर मिनिटाला शंभर पानं आरामात पडतात. आता त्या बाईंनी काय हुशारी केली बघा, एका पानावर तोच मजकूर तीनदा टाइप केला आणि नंतर पान तीन तुकड्यांत कापलं. म्हणजे पन्नास हजार पत्रकांना कागद लागला सतरा हजारांच्या आसपास. शंभरच्या स्पीडने तीन तास. मध्यरात्री सुरू करून पहाटे चारला गठ्ठे बांधून तयार, ते सांगतात तसंच. मदतीला कॉलेजच्या कॉमर्स विभागाचे कॅनन आडनावाचे गृहस्थ आणि दोन विद्यार्थी होते. ह्यात दंतकथा कुठे आहे? आम्ही संपाच्या आदल्या रात्री ह्याहून वाईट मशीनवर काम काढलंय, हातातली शाई आठवडाभर जायची नाही आणि त्याच हाताने डबा खायचा.

अटलांटाकर
मास्तर, स्टेन्सिल फाटतं की दोन हजारात. आमच्या शाळेत प्रश्नपत्रिका काढताना हजारातच डावा कोपरा जायचा.

खिळे_मास्तर
शाळेचं स्टेन्सिल सगळ्यात स्वस्तातलं असतं आणि शिपाई ते ओढून बसवतो. चांगलं स्टेन्सिल, नीट बसवलं, शाई बेताची, तर चार-पाच हजार निघतात. समजा दोन हजारच धरा, मग नऊ स्टेन्सिल. मजकूर पाच-सहा ओळींचा. टाइप येणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो?

विजयपथ
ठीक आहे, काढली असतील. अभिनंदन. आता सायक्लोस्टाइलचा कोर्स काढा, मी अ‍ॅडमिशन घेतो. पण पत्रकं काढणं आणि लोकांना 381 दिवस बसमध्ये न चढू देणं ह्यात फरक आहे.

उंबरठा
तो फरक कोणी भरून काढला? गाड्यांची व्यवस्था बघणारा रूफस लुइस, डेक्स्टरचाच सभासद, आणि 5 डिसेंबरला बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षपदासाठी किंगचं नाव सुचवणारासुद्धा तोच. म्हणजे बाकावरच्या माणसाने पुलपिटवरच्याला वर चढवलं. शेवटी बसमधल्या वर्णभेदाचा कायदा मोडून पडला तो ब्राउडर विरुद्ध गेल खटल्यात, त्यात फिर्यादी चार बायका. त्यातली क्लॉडेट कॉल्व्हिन पंधरा वर्षांची होती जेव्हा तिला बसमधून ओढून काढलं, मार्च 1955, रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी.

जालन्याची_शुभदा
उंबरठाताई, तुमचं इतरांशी चाललंय ते चालू दे, मला तुमच्याशी भांडायचंय. मी पाळकाची, म्हणजे पास्टरची मुलगी. तुम्ही मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं एवढं कौतुक करताय, एक वर्ष पाळकबंगल्यात राहून बघा.

आमच्या पप्पांनी एकदा उपदेशात हुंड्याचा विषय काढला. नाव नाही गाव नाही. पण पंचकमिटीतल्या एकाच्या मुलाचं लग्न नुकतंच झालेलं, त्याला लागलं. पुढच्या महिन्यापासून पगार 'अर्पण कमी जमलं' म्हणून अर्धा. मग तोही बंद. बंगल्याच्या मोटरचं बिल कोणी भरायचं ह्याच्यावर दोन मीटिंगा झाल्या, आम्ही शेजारून हंड्याने पाणी आणायचो. मम्मीने ब्लाऊज शिवायला घेतले तर त्याचीपण तक्रार, पाळकीणबाईला शोभत नाही म्हणे. म्हणून जॉन्सची कलिंगडं वाचून मला हसू नाही आलं. त्यालासुद्धा दरवेळी भांडण झालं की राजीनामा द्यायची सवय होती, आणि 1952 ला तुमच्या त्या जाग्या मंडळीने तो गपचूप मंजूर करून टाकला. ज्याच्या शिव्या खाऊन जागे झाले त्यालाच घालवलं, आणि आता श्रेय मंडळीचं?

उंबरठा
शुभदा, तुझ्या घरात झालं ते वाईटच झालं. पण सगळ्या मंडळ्या एका मापाने कशाला मोजायच्या? मी कमिटीचं कौतुक करत नाहीये, बर्क्स-रॉबिन्सनचं करतेय. त्या डीकन, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळात नव्हत्या.

जालन्याची_शुभदा
बरं, मग पैशाचं बोला, कारण त्याशिवाय ही गोष्ट कळतच नाही. बॅप्टिस्टांत वर बिशप नसतो. मंडळी पाळकाला बोलावते, मंडळीच घालवते, पगारपण तीच देते. किंगला वर्षाला 4,200 डॉलर ठरले होते, ते बाकावरच्या काळ्या लोकांच्या खिशातून. त्यातला एक पैसासुद्धा गोऱ्या माणसाच्या हातात नव्हता. 30 जानेवारी 1956 ला त्याच्या घरावर बॉम्ब टाकला, पण नोकरीवरून काढणार कोण? रॉबिन्सनचं तसं नव्हतं. कॉलेज सरकारी. कॉलेजचा अध्यक्ष ट्रेनहोम डेक्स्टरचाच, तरी त्याला पत्रकांचं कळलं तेव्हा आधी भडकला, मग म्हणाला करा पण सांभाळून, कॉलेजचं नाव येऊ देऊ नका. रात्री वापरलेल्या कागदाचे पैसे कौन्सिलने भरले. म्हणून ती मागे राहिली. आणि बघा, 1960 ला सरकारने कॉलेजातल्या लोकांची चौकशी लावली तेव्हा तिला गाव सोडावंच लागलं.

म्हणजे पुढे उभा राहणारा पाळकच लागत होता, विजयपथ म्हणतात तसा काही दैवी लीडर म्हणून नाही, त्याचा पगार कापणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून.

विजयपथ
म्हणजे लीडर लागतो हे मान्य झालं एकदाचं. धन्यवाद.

जालन्याची_शुभदा
लीडरचा पगार कोण देतं ते लागतं. तुमच्या कोर्समध्ये त्यावर चॅप्टर आहे का?

निळा_पारवा
शुभदाताईंना सलाम. आमच्याकडे पण चळवळीत पुढे कोण होतं बघा, ज्याचं पोट सरकारी नोकरीवर नव्हतं तोच. नोकरीवाले रात्री पैसे आणून द्यायचे आणि सकाळी ओळख द्यायचे नाहीत. त्यांचीपण नावं कुठे नाहीत.

उंबरठा
पगाराचा मुद्दा घेते, बिनशर्त नाही. जॉन्सचा पगारही तीच मंडळी देत होती, त्याला का नाही सांभाळलं? किंगला सांभाळलं कारण तोपर्यंत पन्नास हजार लोक रस्त्यावर पायी चालत होते आणि त्याला काढायची कोणाची हिंमत नव्हती. आणि जॉन्सचं वाया गेलं असं समजू नका. त्याची पुतणी बार्बरा जॉन्स, सोळा वर्षांची, 1951 ला व्हर्जिनियात फार्मव्हिलच्या मोटन हायस्कूलमधली सगळी पोरं घेऊन बाहेर पडली. त्यातून जो खटला उभा राहिला तो सुप्रीम कोर्टातल्या ब्राउन खटल्यात जोडला गेला आणि 1954 ला शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला. बसमधून त्याच्या मागे कोणी उतरलं नसेल, घरातलं ऐकत होतं.

विजयपथ
आता पुतणी पण आली. आत्या कधी येणार?

खिळे_मास्तर
हसा तुम्ही. एक शंका राहिलीच. ते कापणं कशाने केलं असेल? सतरा हजार पानं कात्रीने होत नाहीत, गिलोटिन कटर पाहिजे, आणि त्यातसुद्धा एका वेळी फार तर शे-दोनशे पानांचा गठ्ठा बसतो. कॉमर्स विभागात असणारच कटर. अटलांटाकर, तुम्ही गेलात तर भित्तिचित्राचे फोटो काढून आलात, हे कोणी विचारलं का तिथे?

अटलांटाकर
नाही मास्तर. आमचा गाईड घाईत होता.