मदत हवी आहे: गव्हर्नरचे 'हंटिंग' विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कसे दाखवावे?

नमस्कार,

मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवतो. वाफेच्या इंजिनाचा इतिहास शिकवताना गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाची गती आपोआप समान राखणाऱ्या यंत्रणेचा, आणि त्याच्या 'हंटिंग'चा (गती स्थिर न राहता सतत वर-खाली होण्याचा) एक प्रयोग उभा करायचा आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

न्यूकोमेनचे १७१२ सालचे इंजिन खाणीतील पाणी उपसत असे, त्यामुळे त्याची गती थोडी पुढे-मागे झाली तरी फारसे बिघडत नसे. जेम्स वॅटच्या इंजिनांवर १७८० च्या दशकात गिरण्या फिरू लागल्या, तेव्हा मात्र समान गती ही निकड झाली. जात्याच्या दोन दगडांमधील अंतर राखण्यासाठी पिठाच्या गिरण्यांत फिरत्या गोळ्यांची योजना आधीपासूनच होती. लंडनच्या अल्बियन मिल्समधील अशी योजना त्याचा भागीदार बोल्टनने मे १७८८ मध्ये वॅटला कळवली आणि वॅटने त्याच वर्षी ती इंजिनाकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल व्हॉल्व्हला जोडली: गती वाढली की गोळे वर उचलले जातात आणि व्हॉल्व्ह मिटू लागतो. त्याने तिचे पेटंट घेतले नाही.

या रचनेची मर्यादा तिच्या गणितातच आहे. गोळ्यांच्या पातळीपासून भुजांच्या छेदबिंदूपर्यंतची उंची कोनीय वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते: मिनिटाला ६० फेऱ्यांना ती सुमारे २५ सेंटिमीटर, १२० फेऱ्यांना सुमारे ६ आणि ३०० फेऱ्यांना जेमतेम १ सेंटिमीटर भरते. म्हणून जलद इंजिनांसाठी चार्ल्स पोर्टरने १८५८ मध्ये गोळ्यांबरोबर दांड्यावर वर-खाली सरकणाऱ्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, जड मध्यवर्ती वजन बसवले. शिवाय भार वाढल्यावर व्हॉल्व्ह अधिक उघडा राहायचा, तर गोळे खालीच राहिले पाहिजेत, म्हणजेच इंजिन किंचित कमी गतीवरच स्थिरावणार.

मला खरोखर शिकवायचा आहे तो पुढचा टप्पा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यंत्रे अधिक काटेकोर घडू लागली आणि नेमके तेव्हाच अनेक गव्हर्नर स्थिर न राहता इंजिनाची गती सतत वर-खाली करू लागले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६८ मध्ये स्थैर्याच्या अटींचे गणित मांडले, तर सेंट पीटर्सबर्गच्या व्यश्नेग्राद्स्कीने १८७६ मध्ये कारणे उलगडली: गोळे जड करणे, घर्षण घटवणे, फ्लायव्हीलचे जडत्व कमी करणे आणि भारानुसार पडणारा गतीतील फरक पुसून टाकू पाहणे, या चारही गोष्टी अस्थैर्याकडे नेतात. उत्तम कारागिरीनेच यंत्र बिघडावे, हा निष्कर्ष मला संपूर्ण विषयातील सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो केवळ फळ्यावर उरू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की प्रयोगशाळेतील नेहमीच्या उपकरणात वॅट, पोर्टर, प्रोएल आणि हार्टनेल असे सर्व गव्हर्नर बसवता येत असले, तरी ते डिमरस्टॅटने (विद्युतदाब कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) गती ठरवलेल्या विद्युत मोटारीवर फिरतात. विद्यार्थी गतीनुसार स्लीव्ह किती उचलली गेली ते मोजतात, पण स्लीव्ह कशाचेही नियंत्रण करत नाही. चक्र पूर्णच होत नसल्यामुळे हंटिंग दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

दाबाच्या हवेवर चालणारे छोटे इंजिन घ्यावे, स्लीव्ह तर्फेने त्याच्या थ्रॉटलला जोडावी, भारासाठी रोप ब्रेक (चाकावर घासणारा दोर) लावावा, फ्लायव्हीलच्या चकत्या सुट्या ठेवाव्यात आणि स्लीव्हला तिची हालचाल मंदावणारा तेलाचा डॅशपॉट असावा, असा माझा विचार आहे. डॅशपॉट काढला की दोलने वाढावीत आणि लावला की शमावीत, एवढे दिसले तरी पुरे. इंजिनाऐवजी मोटार आणि ऱ्हिओस्टॅट (बदलता रोध) घेणे सोपे आहे, पण मोटारीचा बॅक ईएमएफ (फिरताना तिच्यातच निर्माण होणारा विरोधी विद्युतदाब) स्वतःच गती सावरत असल्याने परिणाम झाकला जाईल असे वाटते.

ज्यांनी असे प्रतिरूप बनवले आहे त्यांनी कृपया सांगावे की छोट्या आकारात सांध्यांचे घर्षण तुलनेने जास्त पडते, ते इतके कमी कसे करावे की दोलने सुरू होतील? स्लीव्हला बॉल बेअरिंग पुरेसे ठरेल का? थ्रॉटलसाठी फुलपाखरी झडप बरी की सरकती? आणि साखर कारखान्यांतील टर्बाइनवर काम केलेल्या मंडळींना विशेष विनंती: गव्हर्नर हंटिंग करू लागला की नीडल व्हॉल्व्ह (तेलाचा प्रवाह बारकाईने कमी-जास्त करणारी झडप) फिरवताना आपण प्रथम काय पाहता आणि तीच पद्धत माझ्या डॅशपॉटला कशी लागू करता येईल?